विहिरीचे पोहणे आणि समुद्राचे पाणी

आमच्या भागात पोहायला शिकण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि घरातल्या थोरल्याने काठावरून विहिरीत ढकलून द्यायचे. नाकातोंडात पाणी गेले की हातपाय आपोआप हलू लागतात. प्रस्तुत लेखकही असाच शिकला. ढकलणारे हात आमच्या दादांचे होते. दादा आज एकोणसाठ वर्षांचे आहेत. थारोळ्यावरून सूर मारावा, तळाची माती मुठीत घ्यावी आणि वर येऊन ती काठावरच्या पोरांना दाखवावी, हा त्यांचा खेळ पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

गेल्या वर्षी संक्रांत झाली, ऊस कारखान्याला गेला, हरभरा घाट्यावर आला. दादांचा मुलगा म्हणाला, "जनावरं आणि दूध आम्ही दोघं बघतो. तुम्ही चौघं आठ दिवस कुठं तरी जाऊन या." त्यानेच तिकिटे काढली. दादा, वहिनी, आमच्या सौ. आणि मी असे चौघे अंदमानला जाऊन आलो. तेथे बोटीतून फिरलो आणि वयाच्या या टप्प्यावर समुद्राच्या तळाशीही उतरून पाहिले. आता खेड्यापाड्यांतूनही लोक अशा सहलींना जाऊ लागले आहेत. द्राक्षबागाईतदारांचे गट जातात, नवविवाहित जोडपी जातात. म्हणून आम्हांला काय दिसले, आम्ही काय चुकलो आणि दुसऱ्याने काय टाळावे, ते येथे सांगतो. यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे, तीही लपवत नाही.

वाटेवरची दोन दृश्ये

अंदमान बेटे बंगालच्या उपसागरात, चेन्नईपासून सुमारे १२०० किलोमीटरवर आहेत. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानाने दोन-अडीच तासांत पोहोचता येते. जहाजाने जायचे तर साधारण तीन दिवस लागतात. मुख्य गाव पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे नाव श्री विजयपुरम असे झाले, पण बोलण्यात जुने नावही ऐकू येते. सावरकर बंधू जेथे होते ते सेल्युलर जेल याच गावात आहे. मराठी माणूस प्रथम तेथे जातो, तसे आम्हीही गेलो.

तेथली घड्याळे आपलीच, पण सूर्य मात्र आपला नाही. बेटे फार पूर्वेला असल्याने पहाटे पाचच्या सुमारास फटफटते आणि हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडतो. म्हणून बोटींची कामे सकाळी लवकर सुरू होतात. शेतकऱ्याला हे सोपे जाते. शहरी प्रवासी डोळे चोळत येत होते, तेव्हा आमच्या वहिनी अंघोळ करून तयार असत.

वांडूर नावाच्या धक्क्याकडे जाताना वाटेत सिप्पीघाट लागतो. तेथे मैलभर उथळ पाणी पसरलेले आहे आणि त्यात वठलेली झाडे उभी आहेत. मी गाडीवाल्याला विचारले, "हे तळे कोणते?" तो म्हणाला, "साहेब, हे तळे नाही, हे भाताचे शेत होते." २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, त्सुनामीचे पाणी शिरले आणि कित्येक खाचरांतून ते परत गेलेच नाही. दादा पुष्कळ वेळ खिडकीतून मागे पाहत राहिले. ज्या समुद्रावर आपण मौजेला चाललो आहोत त्याची ताकद केवढी, हे आम्हांला बोटीत बसण्याआधीच कळले. ते बरे झाले.

काचेच्या तळाची बोट

वांडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील बेटांना बोटी जातात. हे उद्यान १९८३ साली स्थापन झाले. जॉली बॉय आणि रेड स्किन या दोन बेटांपैकी वर्षाचा काही काळ एक आणि काही काळ दुसरे उघडे ठेवतात. आपण कुरणाचे भाग पाडून आळीपाळीने चराई करतो, त्यातलाच हा प्रकार. वनखात्याचा परवाना आधी घ्यावा लागतो. धक्क्यावर पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकची पिशवी, बिस्किटांचा पुडा, पाण्याची साधी बाटली काहीही नेऊ देत नाहीत. वहिनींनी दशम्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या होत्या, त्या धडुत्यात बांधून घ्याव्या लागल्या. "आपल्या यात्रेत असं केलं तर नदी केवढी स्वच्छ राहील!" असे त्या म्हणाल्या.

सुमारे तासाभराच्या प्रवासानंतर बेटाजवळ लहान बोटीत बसवतात. तिच्या तळाला जाड काच बसवलेली असते. ज्यांना पाण्याची भीती आहे, गुडघे दुखतात, रक्तदाब आहे, त्यांच्यासाठी ही बोट उत्तम. साडी भिजत नाही आणि समुद्राचा तळ दिसतो. वहिनी काचेवर वाकून बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या. खाली फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे, सांबराच्या शिंगांसारखे, मेंदूसारख्या वळ्या असलेले निरनिराळे आकार होते आणि त्यांच्यामधून निळे-पिवळे मासे फिरत होते.

हेच प्रवाळ. पुष्कळांना तो दगड वाटतो, काहींना झाड वाटते. खरे म्हणजे तो प्राणी आहे. टाचणीच्या टोकापासून बोटाच्या पेराएवढे असे असंख्य इवलेसे जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातले बरेचसे प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा आणि खत देतो. आपल्या हरभऱ्याच्या आणि तुरीच्या मुळांवरच्या गाठी आठवा. त्या गाठींतले जिवाणू पिकाला नत्र देतात आणि पीक त्यांना साखर देते. तसाच हा भागीदारीचा संसार आहे. शेवाळाला ऊन लागते, म्हणून असे प्रवाळ उथळ आणि नितळ पाण्यातच वाढतात.

ही भागीदारी उष्णतेने मोडते. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जरी तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लवकर पाणी निवले तर सावरतो, नाही तर उपाशी मरतो. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचे प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणात पांढरे पडले होते. २०१६ सालीही तसे घडले. आम्हांला काचेतून काही ठिकाणी जिवंत रंगांच्या शेजारी करड्या, मोडलेल्या फांद्यांचा ढीग दिसला. बोटवाला म्हणाला, "हे मेलेले आहे."

शेतकऱ्याने लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. उतारावरची झाडी तुटली की माती वाहून थेट समुद्रात जाते, पाणी गढूळ होते आणि प्रवाळांवर गाळ बसतो. शेतावरचा बांध फुटला तर नुकसान शेतापुरते थांबत नाही, ते समुद्राच्या तळापर्यंत जाते. गोल गड्ड्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. पाय ठेवून मोडलेला हातभर गड्डा पुन्हा तेवढा व्हायला एक पिढी लागते. म्हणून पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभे राहू नये, त्याला हात लावू नये.

किनाऱ्यावर वहिनींनी देव्हाऱ्यासाठी एक पांढरी फांदी उचलली होती. बोटवाल्याने ती परत ठेवायला लावली. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा घरी आणता येत नाही. विमानतळावर सामान तपासताना असे तुकडे सापडले की मौज तेथेच संपते.

श्वास रोखू नका

तिसऱ्या दिवशी आम्ही हॅवलॉक बेटावर गेलो. २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दोन-अडीच तास लागतात. या बेटावर १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबांना वसवले. सुपारी, नारळ, भात, केळी ही त्यांची पिके. सुपारीच्या खोडांवर मिऱ्याचे वेल चढवलेले पाहून दादांना समुद्राचा विसर पडला आणि त्यांना बागेतून ओढून आणावे लागले. या बेटावर पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली नेणाऱ्या पुष्कळ संस्था आहेत. याला स्कूबा म्हणतात.

ज्याला पोहता येत नाही, त्यालाही पहिली बुडी घेता येते, कारण प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. सहसा दहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. पहिल्या बुडीला १२ मीटरच्या, म्हणजे सुमारे ४० फुटांच्या, खाली नेत नाहीत. टाकीत प्राणवायू असतो असा गैरसमज आहे. तीत आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाब असतो, या टाकीत २०० बार असतो. १२ लिटरच्या टाकीत सुमारे २४०० लिटर हवा मावते. तोंडात धरायच्या रबरी तोटीतून ती बेताच्या दाबाने मिळते. नाक काचेच्या मुखवट्यात बंद असते. श्वास घ्यायचा आणि सोडायचा तो फक्त तोंडाने.

आमचा प्रशिक्षक मायाबंदरकडच्या करेन समाजातला तरुण होता. या समाजाचे लोक १९२५ साली ब्रह्मदेशातून अंदमानात आले. तो हिंदीत बोलत होता, त्यामुळे भाषेची अडचण आली नाही. प्रथम कंबरभर पाण्यात सराव झाला. आम्हांला वाटले, दादांना कसला सराव! पण अडले ते नेमके दादाच. पाण्यात डोके घातले की ते सवयीने छाती भरून श्वास घेत आणि रोखून धरत. प्रशिक्षक त्यांना वर काढी आणि म्हणे, "काका, श्वास चालू ठेवा." पुन्हा तेच होई. असे पाच वेळा झाले. दादांना थोडा रागही आला. "मी चाळीस वर्षं विहिरीत बुडतोय," असे ते म्हणाले.

तेव्हा त्या तरुणाने जे समजावले ते प्रत्येक पोहणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला वरच्या हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो. विहिरीत बुडताना आपण श्वास वरून घेऊन जातो. खाली गेल्यावर छातीतली ती हवा दाबाने आकसते आणि वर आल्यावर पुन्हा पूर्वीइतकीच होते. त्यात धोका नाही. स्कूबामध्ये मात्र आपण खाली, दाबाखालची हवा श्वासात घेतो. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलो तर फुगलेल्या हवेला जायला वाट राहत नाही आणि फुप्फुस फाटू शकते. काही मीटरच्या चढणीतही हे घडू शकते.

दादा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे गच्च हवा भरलेली सायकल उन्हात ठेवली की ट्यूब फुटते, तसं." तरुण हसला. "अगदी तसंच, काका." त्यानंतर दादांनी एकदाही श्वास रोखला नाही. चाळीस वर्षांची सवय त्यांनी अर्ध्या तासात बाजूला ठेवली. कारण कळले की म्हातारा शेतकरीही जुनी रीत सोडतो, नुसत्या हुकमाने सोडत नाही, हे मी माझ्या नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

दादांच्या भरघोस मिशांमुळे मुखवट्यात पाणी झिरपत होते. मिशांना व्हॅसलीन लावल्यावर ते थांबले. मग दादा खाली गेले. आठेक मीटरवर रंगीत माशांचा थवा पाहून त्यांनी आनंदाने अंगठा वर केला. प्रशिक्षकाने त्यांना लगेच वर आणले! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या" असा अर्थ होतो. "ठीक आहे" हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. हे आधी शिकवले होते, पण आनंदाच्या भरात दादा विसरले. दुसऱ्यांदा मात्र बोटांचा गोल करतच ते खाली गेले.

माझी चूक

आता माझी गोष्ट. पाण्यात उतरण्यापूर्वी एक छापील फॉर्म भरून घेतात. हृदयविकार, दमा, फिट्स, रक्तदाब, कानाचे दुखणे, झालेली शस्त्रक्रिया, सुरू असलेली औषधे, गरोदरपण, सर्दी-पडसे, असे प्रश्न असतात. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना विडी-तंबाखू, रक्तदाब यांविषयी वेगळे विचारतात. एखाद्या प्रश्नाला "होय" म्हटले तर डॉक्टरांचा दाखला मागतात.

मला विमानात थंड हवेने पडसे झाले होते. नाक एका बाजूने बंद होते. फॉर्म इंग्रजीत, दोन पाने होता. मागे रांग होती. मी एकही प्रश्न नीट न वाचता सगळीकडे "नाही" लिहिले आणि सही केली. आमच्या सौ. मात्र बाकावर बसून राहिल्या. त्यांनी त्या तरुणाला प्रत्येक प्रश्नाचा अर्थ हिंदीत विचारला. मी म्हणालो, "अगं, नुसती सही कर. हे सगळं असंच असतं." त्या म्हणाल्या, "मग इतकं छापलं कशाला?"

वाचकहो, तीस वर्षे मी गावोगाव सभा घेऊन एकच सांगत आलो आहे. कीडनाशकाचा डबा उघडण्याआधी त्यावरचे लेबल वाचा, आतले माहितीपत्रक वाचा. आमच्या तालुक्यात एक तरुण वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून, नाकाला फडके न बांधता फवारणी करत राहिला आणि नऊ दिवस दवाखान्यात होता. माहितीपत्रक त्याच्या खिशात होते, घडीसुद्धा मोडली नव्हती. मी त्याला खाटेजवळ उभे राहून रागे भरलो होतो.

पाण्यात उतरल्यावर कानांवर दाब येतो. दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे म्हणजे कान मोकळे होतात. पडशाने आतली वाट बंद असेल तर ते होत नाही. दोन मीटरवर माझा डावा कान दुखू लागला. तेथेच खूण करायला हवी होती. पण दादा जाऊन आले, आपण कसे मागे राहावे, या विचाराने मी "ठीक आहे" अशी खूण केली आणि जोराने फुंकले. तीन-साडेतीन मीटरवर कानात तापलेली सळई घातल्यासारखी कळ आली आणि पाणी गरगर फिरू लागले. मी धडपडलो. प्रशिक्षकाने माझा चेहरा पाहिला, दंड घट्ट धरला, "श्वास घ्या, श्वास सोडा" अशा खुणा करत सावकाश वर आणले. मुखवटा काढला तर नाकातून रक्ताचे दोन थेंब आले होते. सौ. काठावर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने माझे नाक पुसले.

बेटावरच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी कान तपासला. पडदा सुजला होता, फाटला नव्हता. ते म्हणाले, "आणखी दोन मीटर गेला असता तर फाटला असता. पडसे होते हे सांगितले का नाही?" त्या वेळी मला तो दवाखान्यातला तरुण आठवला. मी मान खाली घातली. पुढे आठ-दहा दिवस मला त्या कानाने धड ऐकू येत नव्हते आणि परतीच्या विमानात तो खूप दुखला.

दुसऱ्या दिवशी आमच्या सौ. पाण्यात उतरल्या. त्यांनी रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे फॉर्मवर लिहिले होते. म्हणून आदल्या संध्याकाळी, माझ्याबरोबर आल्या असताना, त्यांनी त्याच डॉक्टरांकडून स्वतःला तपासून घेऊन दाखला आणला होता. मंगळसूत्र त्यांनी रबरी पोशाखाच्या आत नीट खोचून घेतले. त्यांना पोहायला येत नाही. लहानपणी मुलींना विहिरीत कोण उतरू देत होते? वीस-पंचवीस मिनिटांनी त्या वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी आमच्या लग्नानंतर इतका खुललेला क्वचितच पाहिला होता. त्या म्हणाल्या, "माझ्या लाल बांगड्या खाली काळ्या दिसत होत्या." ते बरोबर आहे. पाणी लाल रंगाचा प्रकाश प्रथम शोषून घेते, म्हणून खोलवर सारे निळे-करडे दिसते. त्यांनी बोटांसारख्या मऊ शुंडांत लपणारे नारिंगी मासे पाहिले, आणि चोचीने मेलेल्या प्रवाळाचे तुकडे तोडून खाणारा पोपट-मासाही पाहिला. तो खाल्लेला चुना बारीक वाळू करून बाहेर टाकतो. किनाऱ्यावरची पांढरी वाळू काही अंशी त्याच्या पोटातून आलेली असते.

बोटीत बसताना

पाण्याखाली जाणारे थोडे, बोटीत बसणारे पुष्कळ. खरा धोका पुष्कळदा बोटीत असतो. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची एक बोट बुडाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. बोटीत क्षमतेपेक्षा फार जास्त माणसे बसवली होती. आपल्या महाराष्ट्रातही २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तेव्हा बोटीत पाय ठेवण्यापूर्वी माणसे मोजावीत. किती जणांची परवानगी आहे ते बोटीवर लिहिलेले असते किंवा विचारता येते. जीवरक्षक जाकीट नुसते अंगावर टाकू नये, सगळे पट्टे आवळून बांधावे. ते नसेल, फाटके असेल किंवा लहान मुलाच्या मापाचे नसेल, तर खाली उतरावे. पैसे भरलेत म्हणून बसून राहू नये. बैलगाडीत दोन माणसे जास्त बसली तर बैल हळू चालतात, बोटीत तसे होत नाही. एका बाजूला काही दिसले की सर्वांनी त्याच बाजूला धाव घेऊ नये.

बोट लागत असेल तर सकाळी तेलकट खाऊ नये, अगदी उपाशीही राहू नये. बोटीच्या मधल्या भागात बसावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी. अशा गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्याच दिवशी पाण्याखाली जायचे असेल तर प्रशिक्षकाला तसे सांगावे.

अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली हॅवलॉकवर एका पर्यटक स्त्रीचा मगरीने बळी घेतला. जेथे सूचनेचा फलक आहे तेथे घोट्याएवढ्या पाण्यातही उतरू नये.

निघण्यापूर्वी एवढे करावे

जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला. समुद्र शांत आणि पाणी नितळ असते. मे अखेरीपासून पावसाळा लागतो आणि बोटी वरचेवर रद्द होतात.

पाण्याखाली जाण्याचा विचार असेल तर घरूनच निघताना आपल्या डॉक्टरांकडून कान, छाती आणि रक्तदाब तपासून दाखला घ्यावा. दमा, फिट्स, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पाण्याखाली जाऊ नये. त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे.

पडसे असेल तर ते पूर्ण बरे होईपर्यंत थांबावे. ते लपवण्यात काही शहाणपण नाही. आदल्या रात्री आणि त्या दिवशी दारूला स्पर्श करू नये.

परतीच्या आदल्या दिवशी बुडी ठेवू नये. पाण्याखालच्या दाबाने हवेतला नत्रवायू रक्तात विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, तेव्हा त्याचे बुडबुडे होऊन माणूस आजारी पडू शकतो. बुडी आणि विमान यांत निदान १८ तास जाऊ द्यावेत. पुष्कळ प्रशिक्षक २४ तास सांगतात, ते अधिक चांगले.

एका प्रशिक्षकाबरोबर एकच नवखा असावा. कंबरभर पाण्यातला सराव जो टाळतो, "वेळ नाही, खालीच शिकवतो" म्हणतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. दर किती, त्यात काय मिळणार आणि हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळणार का, हे आधी लिहून घ्यावे.

अंदमान लांब आणि खर्चाचे वाटत असेल तर आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही समुद्राचा तळ पाहता येतो. तेथले सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आहे. पाणी अंदमानइतके नितळ नसते, पण नियम सगळे तेच आहेत.

घरी आल्यावर दादांनी नातवाला विहिरीवर नेले. पाठीला डबा आणि कमरेला दोर होताच, पण या वेळी त्यांनी पोराला ढकलले नाही. आधी पायरीवर बसवून श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा ते समजावले. पोराला पटले तेव्हा तो आपण होऊन उतरला.

माझ्या पुढच्या सभेत फवारणीचा विषय होता. मी नेहमीसारखी लेबलाने सुरुवात केली नाही. आधी माझ्या कानाची गोष्ट सांगितली, न वाचलेल्या फॉर्मासकट. लोक हसले, मीही हसलो. मग मागच्या ओळीतला एक शेतकरी म्हणाला, "साहेब, आमच्या डब्यावरची अक्षरं फार बारीक आहेत, जरा वाचून दाखवा." आम्ही डबा मध्ये ठेवला आणि तेथेच बसून माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढले.